उन्हाळ्यात साखर वाढली? डोस वाढवण्याआधी या चुका तपासा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास खानदेशातल्या बऱ्याच घरांत मधुमेह्यांच्या रक्तातल्या साखरेचा आकडा चढतो आणि सगळं खापर आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळीवर फुटतं. रस निर्दोष नाहीच. पण जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो तेव्हा इन्सुलिन घेणाऱ्याने पहिला संशय बाटलीवर घ्यावा.

बाटली तापली

इन्सुलिन हे प्रथिन आहे. उष्णतेने त्याची घडी विस्कटते आणि ते निकामी होतं. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. फोडलेली बाटली ३० अंशांखाली साधारण ४ आठवडे चालते. नेमका काळ सोबतच्या कागदावर छापलेला असतो, आणि बाटली फोडल्याची तारीख पेनाने तिच्यावरच लिहून ठेवावी. पत्र्याच्या घरातलं कपाट, मोटरसायकलची डिक्की, उन्हातली एसटीची खिडकी, यांपैकी एकही जागा मे महिन्यात ३० अंशांखाली नसते. पाण्यासारखं दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधाळ इन्सुलिनमध्ये हलवल्यावरही गुठळ्या राहिल्या, तर ते फेकायचं. मात्र वाया गेलेलं इन्सुलिन दिसायला चांगलंही असू शकतं. त्यामुळे कारण सापडत नसेल तर नवी बाटली फोडून दोन-तीन दिवस आकडे बघा.

फ्रीज असला तरी चूक होतेच. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली बाटली गोठते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नाही.

फ्रीज नाही, की वीज तासन्‌तास जाते? मग माठ. बाटली झाकणाच्या प्लास्टिक डबीत ठेवा. ती डबी एका छोट्या कोऱ्या मडक्यात आणि ते मडकं मोठ्या मडक्यात ठेवा. दोन्हींच्या मधल्या जागेत वाळू भरा. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवा, वर ओलं फडकं टाका आणि सगळं सावलीत, वारा लागेल तिथे ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, म्हणून हे छान चालतं. पावसाळी दमट हवेत तितकं चालत नाही. तेलाचा किंवा रंगाचा हात दिलेलं मडकं नको, ते पाझरत नाही. आत एक साधा तापमापक ठेवला तर अंदाजावर राहावं लागत नाही.

सिरिंज चुकली

ही चूक सगळ्यांत महाग पडते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा १ मिलीत ४० युनिट असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपीची. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट १०० च्या इन्सुलिनसाठी लाल सिरिंज वापरली तर २० च्या जागी ५० युनिट जातात, म्हणजे जिवाशी खेळ. दुकानातून घेताना बाटली आणि सिरिंज, दोन्हींवरचा आकडा शेजारी धरून वाचा.

सोबत पोटाकडेही बघा. रोज एकाच जागी सुई टोचल्याने चरबीची मऊ गाठ बनते. तिथे दुखत नाही, म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा बदला, मागच्या टोचणीपासून किमान एका बोटाच्या रुंदीइतकी लांब. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाठ सोडून चांगल्या जागी पूर्वीचाच मोठा डोस घेऊ नका, साखर एकदम उतरू शकते.

यंत्र खोटं बोललं

केळं सोलून त्याच बोटाला टोचलं तर आकडा फुगतो. सॅनिटायझर पुरत नाही. साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा, मग बोटाच्या कडेला टोचा. साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी लगेच बंद करा आणि उन्हात ठेवू नका.

उतरलेली साखर ओळखली नाही

उन्हात त्वचेचा रक्तप्रवाह वाढतो, इन्सुलिन लवकर शोषलं जातं. त्यात दुपारचं शेतकाम. घाम आणि थरथर आली की लोक "ऊन लागलं" म्हणून झोपतात. आधी तपासा, तपासता येत नसेल तर साखर कमी झाली असंच समजा. ७० च्या खाली असेल तर ३ छोटे चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पेढा, शेव, लाडू नको. तूप-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. सावरल्यावर अर्धी भाकरी खा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

भाकरीचंही सांगायचं तर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी चांगलीच, पण मध्यम भाकरीत साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं असतात. "ज्वारी आहे, चालते" म्हणून चार खाल्ल्या की हिशेब १२० वर जातो. गुळालाही साखरेइतकंच मोजा.

पाय दुखत नाही म्हणून

मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या की चटका, काटा, चपलेतला खडा काहीच कळत नाही. चैत्रात सप्तशृंगी गडावर अनवाणी निघणाऱ्या अशा माणसांना तापलेल्या डांबरी रस्त्यावर तळवे भाजल्याचंही कळत नाही. नवस चपलेसह फेडता येतो. कपाशीच्या उभ्या खुंटांत प्लास्टिकची चप्पल पुरत नाही, बंद बूट आणि सुती मोजे हवेत. घालण्याआधी बूट उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. घट्ट्यावर ब्लेड चालवू नका. आंघोळीचं पाणी कोपराने बघा.

रात्री तळव्याखाली आरसा धरा, बोटांच्या बेचक्याही बघा. फोड दिसला तर स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडी पट्टी बांधा. हळद, चुना, राख नको. लाली, पू, वास, काळेपणा किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, दुखत नसलं तरी. आणि वर्षातून एकदा पायाची नायलॉन धाग्याने संवेदना तपासणी, बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा, आणि मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन व रक्तातलं क्रिएटिनिन करून घ्या. हे एकाच महिन्यात ठेवलं की विसरत नाही. दिवाळीनंतरची थंडी त्याला बरी, निदान पट्ट्या आणि बाटल्या तरी तापत नाहीत.