गाडीत नीट झोप कशी काढावी: मुंबईहून रात्री निघणाऱ्यांसाठी

शुक्रवारी कामावरून सुटायचं, घरी चार घास खायचे आणि दहाच्या सुमारास गाडी काढायची, ही गावाला निघायची आपली ठरलेली पद्धत. पनवेल मागे पडेपर्यंतच बारा वाजत येतात. पेण, वडखळ, माणगाव करत महाडच्या आसपास पोचतो तेव्हा दोन-अडीच झालेले असतात, आणि रात्री दोन ते पहाटे पाच-सहा हीच माणसाच्या शरीराला सगळ्यात जास्त झोप हवी असणारी वेळ. दिवसभर राबलेल्या माणसाला तेव्हा चहाचे दोन कप तारून नेत नाहीत. मागच्या सीटवर सगळे गाढ झोपलेत आणि चालवणारा एकटा डोळे ताणून बसलाय, हे चित्र मला फार अस्वस्थ करतं. वाटेत तीन-चार तास झोपायचं हे घरून निघतानाच ठरवा, आणि त्या झोपेवर पहिला हक्क चालवणाऱ्याचा माना.

थांबा मुंबईतच ठरवा

डोळे मिटायला लागले की मग जागा शोधू, असं म्हणणारा माणूस शेवटी रस्त्याच्या कडेला मिळेल तिथे गाडी लावतो. त्यापेक्षा नकाशा उघडून दोन जागा आधीच हेरून ठेवा: एक ठरलेली आणि एक तिच्या अलीकडची, झोप लवकर आली तर कामाला येणारी. गोव्याच्या रस्त्याला, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 66 वर, कशेडी घाटाच्या अलीकडे महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात थांबणं सोयीचं पडतं. नाशिकला जाताना उन्हाळा असेल तर कसारा घाट चढून इगतपुरीला थांबा, वर हवा बरीच गार असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र तिथे पहाटे हुडहुडी भरते, तेव्हा शहापूरच्या बाजूला थांबलेलं बरं. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आणि बराचसा सरळ. अशा रस्त्यावर एकसारखं चालवत राहिलं की डोळे उघडे असूनही लक्ष उडतं, म्हणून तिथे जरा लवकरच थांबायचं ठरवा. थांबायचं ते पेट्रोल पंपाच्या आवारात किंवा बाहेर पडून गावात.

समृद्धी असो की पुण्याचा एक्स्प्रेसवे, कडेच्या पट्ट्यात गाडी लावून झोपू नका. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकालाही झोप आलेली असू शकते.

गाडी सीएनजीवर असेल तर गॅस मुंबई-पनवेलमध्येच भरून घ्या. भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, आणि मध्यरात्री झोपलेल्या पोरांना उठवून रांगेत उभं करण्यासारखा वैताग नाही.

चांगली जागा कशी ओळखायची

रात्रभर चालू असलेला, स्वच्छतागृह असलेला पेट्रोल पंप माझ्या मते सगळ्यात उत्तम. पण विचारल्याशिवाय गाडी लावू नका. "दादा, तीन-चार तास गाडी लावून झोपलो तर चालेल ना? सहाला निघतो," एवढं विचारलं की बहुतेक वेळा हो म्हणतात, वर जागाही दाखवतात: "हवेच्या मशीनपाशी नको, तिकडे भिंतीकडेला लावा. रात्री टँकर येतो." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. टँकर खाली करायला मोकळी जागा लागते, आणि तुमची गाडी आड आली तर पहाटे तीनला काचेवर टकटक होते.

दुसरा पर्याय म्हणजे वर्दळ असलेला ढाबा. तिथे जेवा किंवा निदान चहा घ्या, आणि मालकाला सांगून थांबा. मात्र ट्रकच्या रांगेत शिरू नका. ट्रक कधीही मागे येतात, शिवाय त्यांच्या चालू इंजिनाचा धूर थेट तुमच्या खिडकीत येतो. दिव्याच्या थेट खाली झोप लागत नाही आणि पूर्ण अंधारात सुरक्षित वाटत नाही, म्हणून उजेडाची कड धरून लावा. गणपतीच्या दिवसांत कोकणच्या वाटेवर प्रशासनाची सुविधा केंद्रं असतात, त्यांच्या आसपास थांबलात तर मदत हाकेच्या अंतरावर राहते.

पावसाळ्यात घाटात डोंगराला लागून थांबायचं नाही, दरड सांगून येत नाही. ओढ्याच्या पात्राजवळ नको, आणि किनाऱ्यावरच्या वाळूत तर मुळीच नको, भरतीला पाणी चढतं आणि चाकं रुततात. कोकणात शिरल्यावर आणखी एक पाहा: गाडी माडाखाली लावलेली नाही ना? नारळ किंवा सुकी झावळी पडली तर काच फुटते.

गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा. निघावंसं वाटलं तर मागे-पुढे न करता सरळ निघता आलं पाहिजे.

अंथरूण

आधी उतार तपासा. अर्धी भरलेली पाण्याची बाटली गाडीत आडवी ठेवली की आतल्या पाण्यावरून कुठली बाजू खाली आहे ते कळतं. डोकं येणार ती बाजू किंचित वर हवी. उलट झालं तर डोकं जड होतं आणि झोप मोडते, म्हणून गाडी दोन-चार फूट पुढेमागे करायचा कंटाळा करू नका.

छोट्या गाडीत चालवणाऱ्याने स्टिअरिंगमागे न झोपता शेजारच्या सीटवर यावं. ती सीट पूर्ण पुढे सरकवा, हेडरेस्ट काढा आणि पाठ जाईल तेवढी मागे पाडा. बऱ्याच गाड्यांत ती मागच्या सीटला जवळपास टेकते आणि अंग बऱ्यापैकी लांबवता येतं. त्यासाठी तिच्या मागची जागा मोकळी लागते, म्हणजे मागे दुसऱ्या बाजूला एकच जण बसू शकतो. एवढी जागा नसेल तर सीट उलट मागे सरकवून पाठ जमेल तेवढी पाडा, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी द्या आणि पाय बॅगेवर ठेवा. पाय तासन् तास लोंबकळत राहिले की घोट्यांना सूज येते.

मोठ्या गाडीत मागच्या सीट दुमडून सपाट जागा होते. अर्टिगासारख्या गाडीत तिसरी रांग पाडून दुसरीही दुमडली की उंच माणूसही पाय लांब करू शकतो. सीएनजीच्या गाडीत मात्र डिकीत टाकी असते, हा हिशेब घरीच करा, आणि भर दुपारी इमारतीखाली एकदा आडवं होऊन बघा. सीट आणि डिकी यांच्यामध्ये राहणारी फट कपड्यांच्या बॅगांनी भरून काढा. सीटबेल्टचं बक्कल कमरेत रुततं, ते खाचेत दाबून वर चादरीची घडी टाका. पातळ फोम आणि त्यावर गोधडी, याच्याइतकं चांगलं अंथरूण मला दुसरं माहीत नाही. हवा भरायच्या गाद्या गाडीत डुलतात, शेजारच्याने कूस बदलली की तुम्हीही हलता.

आईला पाठ टेकता यावी म्हणून सगळ्यात ऐसपैस जागा तिला आणि चालवणारा अवघडून पुढे, हे आपल्याकडे सर्रास होतं. त्यामागची माया कळते, पण सकाळी तिलाही त्याच्याच भरवशावर पुढे जायचं असतं. घरचं म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई बरोबर असेल तर गाडीत रात्र काढायचा बेतच करू नका. लॉजची खोली घ्या, तिथे पैसे वाचवू नयेत.

हवा, डास आणि उकाडा

एक गोष्ट कुठल्याही सबबीवर मोडू नका: इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. गाडी एका जागी उभी असली की धूर खाली साचतो आणि सायलेन्सरला बारीक गळती असेल तर आत येतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं झोपलेल्या माणसाला कळतच नाहीत. तळघरातल्या पार्किंगमध्ये आणि बंद गॅरेजमध्ये धोका आणखी वाढतो. याच कारणासाठी बंद गाडीत डासांची कॉइलही लावू नका.

इंजिन बंद करण्याआधी समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन बोटं उघडा, म्हणजे हवा आरपार खेळते. सगळं बंद ठेवलं तर आपल्याच श्वासाच्या वाफेने काचा घामेजतात आणि सकाळी अंग चिकट, डोकं जड. दारावर व्हायझर असतील तर पावसातही फट ठेवता येते. डासांसाठी मच्छरदाणीचं कापड मीटरवर आणा, खिडकीच्या मापाहून चार बोटं मोठं कापा आणि कडेला छोटी लोहचुंबकं शिवून घ्या. दाराच्या पत्र्याला ते बाहेरून घट्ट बसतं. पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंखा असला की मे महिन्यातही निभावतं. तो गाडीच्या बॅटरीवर लावू नका, सकाळी गाडी सुरू व्हायला हवी.

आडोशासाठी काढता येणारे पडदे किंवा सनशेड वापरा. काळी फिल्म नको, सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये तिला बंदी घातली आहे. डोळ्यांवर घडी घातलेला पंचा ठेवला की उजेडाचं काम भागतं.

झोपताना आणि उठल्यावर

रात्री हलकं खा. दहीभात, भाकरी-भाजी चालेल, तिखट मिसळ नको. तोंड धुवा, बूट आणि पट्टा काढा, सैल कपडे घाला. दारं आतून लॉक करा. किल्ली आणि मोबाइल हाताला लागेल अशा एकाच ठरलेल्या जागी ठेवा, घरी कुणाला तरी जागेचं लोकेशन पाठवा. कुणी विनाकारण घुटमळताना दिसलं तर काच खाली न करता निघा, गरज पडली तर 112 लावा. चहाला उतरताना मुलांना गाडीत कोंडून जाऊ नका.

उन्हाचा विचार रात्रीच करा: पूर्वेकडे इमारत किंवा भिंत असेल अशी जागा मिळाली तर सकाळी तासभर जास्त झोप मिळते.

जाग आल्याबरोबर गाडी सुरू करू नका. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं तरी हातपाय आणि डोकं मंद असतं. तोंडावर पाणी मारा, आवारात दोन फेऱ्या घाला, चहा घ्या. मच्छरदाणी आणि पडदे काढून काचा कोरड्या पुसा. खाली वाकून गाडीखाली पाहा, कारण पंपावरची कुत्री रात्री गाडीखालीच येऊन झोपतात. एवढं करूनही जांभया थांबत नसतील तर गाडी दुसऱ्याकडे द्या. दुसरं कुणी नसेल तर घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगा आणि आणखी तासभर पडा.