वेबसाइट आहे, पण गिऱ्हाइकाचा फोन येत नाही? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर बसलो होतो. मालक वैतागलेले. "वेबसाइट काढून दोन वर्षं झाली, चाळीस हजार घातले. एक फोन नाही आला बघा."

"शेठ, मोबाइलवर उघडा की जरा."

"मोबाइलवर कशाला? काँप्युटरवर झकास दिसते."

शेवटी दिवाणजींनी त्यांच्या मोबाइलवर उघडली. चक्र फिरत राहिलं. चहा आला, निम्मा पिऊन झाला, तेव्हा कुठं गणपतीचा भलामोठा फोटो उमटला. त्याखाली धावती पट्टी, मग दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो, मग मालकांचं मनोगत. फोन नंबर शोधायला दिवाणजींना सात वेळा बोट सरकवावं लागलं. सापडला तो व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोत छापलेला. दाबला तर काहीच होईना.

"आहे की नंबर!" मालक म्हणाले. होता, पण गिऱ्हाइकानं तो वहीत उतरवून घ्यायचा आणि मग डायल करायचा होता.

सांगली, मिरज, कुपवाड भागातल्या लहान धंद्यांच्या साइट दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. नव्या बनवण्यापेक्षा बिघडलेल्याच जास्त हाताखालून जातात, आणि त्यांत रोग बहुतेक एकच निघतो. मालकानं साइट पास केलेली असते बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वायफायवर. गिऱ्हाईक ती बघतं एसटीत बसून, एका हातानं, उन्हात. पुढच्या बऱ्याच चुका या एका चुकीच्या पोटातून निघालेल्या आहेत. वाचता वाचता स्वतःची साइट मोबाइलवर उघडून ठेवा, वायफाय बंद करून.

फोटो जसाच्या तसा चढवणं

आजच्या मोबाइलनं काढलेला एक फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. दहा फोटो तसेच चढवले की पहिलं पान चाळीस-पन्नास एमबीचं झालं. तासगाव, जतकडच्या रेंजवर ते उघडेपर्यंत माणूस मागं फिरतो आणि पुढच्या दुकानाची लिंक दाबतो.

वेबसाइटवरच्या फोटोला साधारण १२०० पिक्सेल रुंदी पुरते. 'स्क्वूश' नावाचं गूगलचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. फोटो त्यात टाकायचा, रुंदी कमी करायची, 'वेबपी' या हलक्या फोटो-प्रकारात उतरवून घ्यायचा. पाच एमबीचा फोटो दीड-दोनशे केबीवर येतो आणि हळकुंडाचा रंग तोच राहतो. एका दुपारचं काम आहे, बारावीतली पोरगीसुद्धा करेल.

वेग मोजायला गूगलचंच 'पेजस्पीड इनसाइट्स' आहे, तेही फुकट. आपला वेबपत्ता टाकला की मोबाइलसाठी शंभरपैकी मार्क देतं. पानातला मुख्य, मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे. मात्र शंभरपैकी शंभरच्या नादी लागू नका. तीसवरून पंच्याहत्तरवर आणलं तर गिऱ्हाइकाला फरक कळतो, पंच्याण्णववरून शंभरवर नेलं तर तो फक्त बनवणाऱ्याला कळतो.

आणि ते सरकते फोटो, स्लायडर. पहिल्या पानावर पाच फोटो आळीपाळीनं सरकतात, तिसऱ्यापर्यंत कुणी थांबत नाही, पण लोड मात्र पाचही होतात. एकच चांगला फोटो ठेवा.

पत्रकातला मजकूर चित्र करून चिकटवणं

ही चूक आपल्याकडं एका खास कारणानं होते.

दुकानाचं पत्रक आधी डीटीपीवाल्याकडं तयार झालेलं असतं. मजकूर श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या फाँटमध्ये. ते फाँट आतून मराठी नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, एवढंच. तो मजकूर कॉपी करून साइटवर टाकला की 'हळद' जाऊन तिथं कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं येतात. बनवणारा पोरगा वैतागतो आणि अख्खं पत्रक चित्र म्हणून चिकटवून मोकळा होतो. दिसायला ठीक. पण त्या चित्रातली अक्षरं गूगल पानावरचा मजकूर म्हणून धरत नाही. मोबाइलवर ती मुंगीएवढी होतात. वाक्य कॉपी करून बायकोला पाठवता येत नाही. दृष्टी नसलेल्या माणसाचा मोबाइल ते धड वाचून दाखवू शकत नाही.

त्या पेढीवर नेमकं हेच झालं होतं. राजापुरी, सेलम, अख्खं हळकुंड, पॉलिश, पावडर, सगळं लिहिलेलं होतं, पण चित्रात. 'सांगली राजापुरी हळद' असं शोधणाऱ्याला ही पेढी दिसायचं कारणच नव्हतं.

उपाय सोपा आहे. जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. बदलून झाल्यावर मात्र स्वतः एकदा वाचा, कारण रफार आणि जोडाक्षरं तिथंच घसरतात. 'सर्व'चं 'सवर्' झालेलं मी कैकदा बघितलंय. मजकूर थोडाच असेल तर सरळ नव्यानं टाइप करा. मोबाइलवर बोलूनही टाइप होतं.

जाता जाता बनवणाऱ्याला एक विचारा: पानाची भाषा मराठी अशी नोंदवली आहे का? साइटच्या तयार साच्यात (टेम्प्लेटमध्ये) ती इंग्रजीच राहून जाते. मग ब्राउझरचा अंदाज चुकला तर आपलं पान 'भाषांतर करू का' म्हणून अडवलं जातं.

आणि एक सावधगिरी. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकनाचं नाव आणि चिन्ह मालावर वापरायला त्या कायद्याखाली 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी लागते. ती असेल तर क्रमांकासकट पहिल्या पानावर लिहा. नसेल तर शेजाऱ्याच्या साइटवरून चिन्ह उचलून लावू नका.

नंबर दिसतो, पण लागत नाही

नंबर प्रत्येक पानावर, वरच्या बाजूला, आणि दाबला की थेट डायल होणारा हवा. बनवणाऱ्याला 'क्लिक टू कॉल' एवढं सांगितलं तरी कळतं. व्हॉट्सॲपच्या बटणात एक हमखास चूक होते: नंबराच्या आधी शून्य लावतात, किंवा मध्ये अधिकचं चिन्ह नि रेघा घालतात. लिंकमध्ये ९१ आणि लागूनच दहा आकडे, बाकी काही नको. त्याच लिंकमध्ये आधीच लिहिलेला मजकूरही घालता येतो, म्हणजे गिऱ्हाइकानं बटण दाबलं की 'नमस्कार, हळदीचा भाव हवा होता' असं तयारच येतं. लाजाळू माणूस एवढ्यानं बोलता होतो.

बटणं लावून झाली की दुसऱ्याच्या मोबाइलवरून दाबून बघा. साच्यात नमुन्याचा नंबर असतो, तो तसाच राहिलेली साइट मी पाहिली आहे. त्या नंबरवर फोन लावला तर भलतंच कुणीतरी उचलायचं.

फॉर्म भरला, पुढं काय झालं?

माझ्याकडं आलेल्या एका बेदाणेवाल्यांच्या साइटवर चौकशीचा फॉर्म होता. सुबक. 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क साधू' असा संदेशही यायचा. आठ महिन्यांच्या चौकश्या साइट बनवणाऱ्याच्या एका जुन्या ईमेलवर जाऊन पडत होत्या, आणि तो ते ईमेल उघडतच नव्हता. त्यांत हिरव्या बेदाण्याच्या घाऊक मागण्या होत्या. त्या बेदाणेवाल्या काकांना ती यादी दाखवली तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसती वाचत बसले.

पत्ता बरोबर असला तरी मेल पोचेलच असं नाही. वर्डप्रेससारख्या तयार साधनावर बनवलेल्या साइट बऱ्याचदा सर्व्हरवरून परस्पर मेल पाठवतात, आणि पाठवणारा खरा कोण याचा पुरावा नसला की जीमेल ते स्पॅममध्ये टाकतं किंवा घेतच नाही. यावर 'एसएमटीपी'मधून मेल पाठवायची सोय करून घ्यायची आणि डोमेनला 'एसपीएफ', 'डीकेआयएम' या नोंदी लावायच्या. हे शब्द तुम्हाला कळायची गरज नाही, बनवणाऱ्याला विचारता आले म्हणजे झालं.

माझा स्वतःचा कल विचाराल तर लहान दुकानाला फॉर्म नकोच. फोन आणि व्हॉट्सॲप पुरे. फॉर्म ठेवायचाच तर दर महिन्याच्या एक तारखेला स्वतः भरून बघायचा.

गूगलवर सापडतच नाही

आधी तपासा की साइट गूगलच्या यादीत आहे तरी का. शोधपट्टीत इंग्रजीत 'साइट', लगेच कोलन, आणि जागा न सोडता आपला वेबपत्ता टाका. काहीच आलं नाही, तर वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'रीडिंग' उघडा. तिथं शोधयंत्रांना ही साइट नोंदवू नका असं सांगणारा एक चौकोन असतो. साइट तयार होत असताना त्यावर टिक करतात आणि नंतर काढायला विसरतात. एवढ्याशा टिकमुळं वर्षभर अंधारात राहिलेली दुकानं आहेत.

यादीत उलट भलतीच पानं दिसली, जपानी अक्षरांची किंवा औषधांच्या जाहिरातींची, तर साइटमध्ये कुणीतरी घुसलंय. ती दुरुस्ती घरगुती नाही, जाणकाराला बोलवा आणि आधीचा बॅकअप मागा.

पानाचं शीर्षक 'होम' असेल तर बदला. धंदा, माल आणि गाव तिन्ही त्यात यायला हवेत, शक्यतो देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत, कारण आपली माणसं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून शोधतात.

साइटइतकीच महत्त्वाची आहे गूगलच्या नकाशावरची नोंद, 'बिझनेस प्रोफाइल'. ती फुकट असते. २०२१च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी पेठांत शिरलं तेव्हा एका दुकानदारानं तिथं 'तात्पुरते बंद' असं लावलं. शहाणपणाचंच केलं. पाणी ओसरलं, गाळ काढला, दुकान उघडलं, गणपती गेले, दिवाळी गेली. नोंद बंदच. "यंदा पुण्याचं गिऱ्हाईक कमी झालंय हो," असं ते मला दुसऱ्या वर्षी सांगत होते. त्या नोंदीवरच्या वेळा, सुट्ट्या आणि नकाशावरची पिन तपासा. पिन एक गल्ली चुकली तर गणपती पेठेत गाडी वळवताना गिऱ्हाईक तुम्हाला शिव्या घालतं, गूगलला नाही.

भाव लिहायचे की नाही

यावर यार्डात दोन तट आहेत. हळदीचा भाव सौद्यागणिक हलतो, त्यामुळं आकडा टाकायला व्यापारी घाबरतात, आणि ते खरंही आहे. गेल्या हंगामातला भाव साइटवर राहिला तर रोज एक भांडण नक्की. पण म्हणून काहीच न लिहिणं ही त्याहून मोठी चूक. भावाशिवायही गिऱ्हाइकाला कितीतरी सांगता येतं: कमीत कमी किती किलो घ्यावं लागेल, पाकीट किती वजनाचं, पार्सल कुठवर जातं, वाहतूक कुणाच्या खर्चानं, पैसे आधी की माल मिळाल्यावर. भाव टाकायचाच तर शेजारी तारीख टाका. साताऱ्याच्या कंदी पेढ्यासारखा माल असेल तर कसलाच संकोच नको, किलोचा दर आणि किती दिवस टिकतो हे सरळ लिहावं. खाण्याचा माल विकणाऱ्यानं १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांक पानाच्या तळाशी द्यावा. अनोळखी गावचं गिऱ्हाईक तो बघतं.

पत्ता कुणाच्या नावावर आहे?

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. डोमेन, म्हणजे तुमचा वेबपत्ता, बनवणाऱ्यानं स्वतःच्या खात्यातून घेतलेला असतो. पुढं तो नोकरीसाठी बेंगळुरूला जातो, मुदत संपल्याचे मेल त्याच्याकडं येतात आणि एक दिवस साइट गायब होते. डॉट कॉमची मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या नूतनीकरणाला जागा असते, मग ३० दिवसांचा 'रिडेम्प्शन'चा काळ, त्यात जबर दंड भरून पत्ता परत मिळतो. तोही गेला की पत्ता बाजारात मोकळा, कुणीही घेऊ शकतं. पिशव्यांवर, पाटीवर, टेंपोवर छापलेला पत्ता मग दुसऱ्याचा.

आजच विचारून घ्या: डोमेन कुठं घेतलंय, खात्याला ईमेल कुणाचं आहे, मुदत कधी संपते. खातं तुमच्या ईमेलवर करून घ्या आणि तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लिहा.

त्याच बैठकीत साइट सुरक्षित दिसते का तेही बघा. पत्त्यापाशी 'सुरक्षित नाही' असं येत असेल तर साइटची जोडणी सुरक्षित करणारं 'एसएसएल' प्रमाणपत्र नाही किंवा संपलंय. २०१८च्या जुलैपासून क्रोम ते उघड दाखवतं. 'लेट्स एन्क्रिप्ट'चं प्रमाणपत्र फुकट असतं, मुदत थोडी, पण आपोआप नवं होईल अशी सोय होस्टिंगवाला, म्हणजे साइट ज्याच्या सर्व्हरवर ठेवली तो, लावून देतो. त्यासाठी कुणी दरवर्षी हजारो रुपये मागत असेल तर कारण विचारा.

त्या पेढीच्या साइटचं काम दोन दुपारींत झालं. फोटो हलके केले, मजकूर पुन्हा टाइप केला, नंबर वर आणला, खातं शेठच्या नावावर करून घेतलं. वाद एकाच गोष्टीवर झाला.

"उद्घाटनाचा फोटो काढायचा नाही," शेठ म्हणाले. "त्यात वडील आहेत."

मग तो 'आमच्याविषयी'च्या पानावर नेला, मोठा करून, खाली वडलांचं नाव आणि पेढी सुरू झाल्याचं साल टाकून. दिवाणजींनी लगेच ते पान मोबाइलवर उघडून बघितलं, वायफाय बंद करून.