घरच्या घरी काळा चहा: पानांचे किण्वन नेमके कुठे थांबवावे

वांगे चिरून पाण्यात न टाकता तसेच ठेवले, तर थोड्याच वेळात त्याच्या फोडी तपकिरी पडतात. चहाच्या कारखान्यात ज्याला किण्वन म्हणतात, ती क्रिया मुळात हीच आहे. इडलीच्या पिठासारखे येथे काही आंबत नाही. पानातलेच पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने कॅटेचिन या रंगहीन द्रव्यांचे रंगीत द्रव्यांत रूपांतर करते. सूक्ष्मजीवांनी केलेले खरे किण्वन पाहायचे, तर चीनमधल्या युन्नान प्रांताच्या पू-अर चहाकडे जावे लागेल.

या प्रयोगासाठी दोन पाने आणि एक कळी अशी कोवळी खुडणी साधारण 200 ग्रॅम लागते. खुडलेली पाने प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, कारण ती आतल्या आत तापतात आणि मळण्यापूर्वीच लाल पडू लागतात. ती सुपात किंवा मलमलीवर सावलीत विरळ पसरून 12 ते 16 तास कोमेजू द्यावीत. पाने आणतानाच वजन करून ठेवावे: ते 110 ते 120 ग्रॅमपर्यंत उतरले, देठ न मोडता वाकू लागला आणि मुठीत दाबलेला गोळा सोडल्यावर सावकाश उलगडला, की पाने तयार झाली. या तासांत केवळ पाणी उडते असे नव्हे. पेशींची आवरणे सैल होतात आणि स्निग्धाम्लांच्या विघटनातून ताज्या कापलेल्या गवतासारखा वास सुटतो.

त्यानंतर पाने पाटावर तळहाताने कणीक मळावी तशी, पण गोल फिरवत, अर्धा तास मळावीत. पानाच्या पेशीत विकर आणि कॅटेचिन वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. मळताना भिंती फुटल्या, की दोघांची गाठ पडते. सुगंधाचेही तसेच आहे. लिनालूल, जेरॅनिऑल यांसारखी फुलांच्या वासाची द्रव्ये पानात बरीचशी साखरेला जखडलेली असतात आणि दुसरी विकरे ती जखडण तोडून त्यांना मोकळे करतात.

आता खरी कसोटी. मळलेली पाने परातीत दोन-तीन सेंटिमीटर जाडीने पसरावीत आणि वर ओले फडके अशा बेताने ताणावे की ते पानांना चिकटणार नाही. तापमान 24 ते 28 अंश सेल्सिअस असावे. उन्हाळ्याच्या दुपारी हा उद्योग न केलेलाच बरा. चहाचे रसायनतज्ज्ञ ई. ए. एच. रॉबर्ट्स यांनी 1950 च्या दशकात कागदी क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातली द्रव्ये कागदावर वेगळी करण्याच्या पद्धतीने) उलगडून दाखवले, की या क्रियेत नारिंगी झळाळीची थिआफ्लाव्हिने आणि तांबूस-तपकिरी थिआरुबिगिने बनतात. थिआफ्लाव्हिनांचे प्रमाण एका टोकापर्यंत चढते आणि मग घटू लागते. चहाचा तरतरीतपणा त्यांच्यावर अवलंबून असल्याने थांबण्याची वेळ त्या टोकाच्या आसपासच असते.

ते टोक घरी मोजता येत नाही, म्हणून नाक आणि डोळा वापरावा. मळायला सुरुवात केल्यापासून एका तासाने दर 20 मिनिटांनी चिमूटभर पाने पांढऱ्या कपात घेऊन त्यांवर उकळते पाणी ओतावे. हिरवट वास जाऊन फुलासारखा किंवा पिकल्या फळासारखा वास आला आणि पानाचा रंग चिंचेने घासलेल्या तांब्यासारखा दिसू लागला, की थांबावे. न घासलेल्या तांब्यासारखा मळकट रंग म्हणजे उशीर झाला. हाताने मळलेल्या पानांना साधारण दोन ते तीन तास लागतात. दुधाचा चहा करायचा असेल, तर मी आणखी 20 मिनिटे जाऊ देतो, कारण थिआरुबिगिनांमुळे येणारा भरदारपणा दुधात टिकतो. नुसत्या पाण्यातल्या चहासाठी मात्र हा मोह टाळावा.

थांबवायचे ते झटकन. ओव्हन आधीच 110 अंशांवर तापवून पाने पातळ थरात 20 मिनिटे ठेवावीत, म्हणजे विकरे निकामी होतात. मग 85 अंशांवर पाने चुरचुरीत होईपर्यंत वाळवावीत. मंद आचेवर सुरुवात केल्यास पाने वाफेत शिजतात आणि चहा सपक होतो. हाती 45 ग्रॅमच्या आसपास चहा येतो. तो घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवून मग पहिला कप दुधाविना करावा. त्यात लिंबाचे दोन थेंब पिळल्यास रंग लगेच उजळतो, कारण आम्लात थिआरुबिगिनांचा रंग फिकट होतो.