टाळी-थापेतून कॉम्प्युटेशनल थिंकिंग : बालवाडीत या चुका टाळा

मी सांगलीत बालवाडी चालवते, चार-पाच वर्षांची पोरं. कॉम्प्युटेशनल थिंकिंग (म्हणजे एखादं काम छोट्या, क्रमवार पायऱ्यांत मांडून विचार करणं) म्हटलं की पालक लगेच मोबाईल पुढं करतात, पण यात स्क्रीन लागतच नाही. २००६ साली संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांनी यावर लेख लिहिला त्यात म्हटलंय की वाचन-लेखन-गणितासारखं हे प्रत्येकाला यायला हवं. आणि पेटी-तबला पण नको बरं का! मिरज शेजारीच आहे, तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचा अभिमान आहेच, पण या वयाला दोन हात आणि बाटल्यांची झाकणं पुरतात.

आधी चुटकी. बऱ्याच पोरांना ती वाजवताच येत नाही, मग सगळं लक्ष बोटांत जातं आणि क्रम राहतो बाजूला. टाळी आणि मांडीवर थाप एवढंच घ्या, तेही तीन-चार ठोक्यांचं, एकदम केरवा तालाच्या आठ मात्रा नकोत.

दुसरी चूक मला कळायला फार दिवस लागले. लाल झाकण म्हणजे टाळी, निळं म्हणजे थाप. पोरं गोल बसवली, मधे मांडलं लाल-लाल-निळं. अर्धी पोरं बरोबर वाजवायची, अर्धी आधी थाप मारायची, मला वाटलं यांचं लक्षच नाही. मग एक दिवस त्यांच्या बाजूला जाऊन बसले तर तिकडनं ओळ निळ्यापासूनच सुरू होत होती, म्हणजे ती पोरं अगदी बरोबर वाचत होती हो, आणि मी त्यांना रोज चूक म्हणत होते! आता सगळ्यांना एकाच बाजूला बसवते आणि सुरुवातीला खडूनं बाण काढते. लाल-निळं-लाल मांडलं तर ही गडबड दिसतच नाही, दोन्हीकडून सारखंच येतं, म्हणून तपासायला ती ओळ घेऊ नका.

पोरगं चुकलं की आपण पटकन झाकण उचलून बरोबर जागी ठेवतो, हे तर अजिबात करू नका, कारण चूक शोधणं हाच तर डीबगिंगचा (चूक शोधून दुरुस्त करण्याचा) खरा भाग आहे आणि तोच आपण हिसकावून घेतो. मी मुद्दाम चुकीचं वाजवते, पोरं ओरडतात "ताई चुकलं!", मग विचारायचं, कुठल्या झाकणावर? बोट ठेवायला लावायचं. एका वेळी एकच झाकण बदलायचं आणि परत वाजवून बघायचं, दोन बदलली की कशानं जमलं ते त्यांनाही कळत नाही.

"वाजवत राहा" म्हटलं की पोरं थांबत नाहीत, त्यात त्यांची चूक नाही, कधी थांबायचं ते आपण सांगितलेलंच नसतं. तीन मोठे ठोकळे ठेवा, एक फेरी झाली की एक उचला, संपले की थांबा, झाला लूप, म्हणजे तीच ओळ ठरलेल्या वेळा परत परत. (चिंचोके नकोत, बारकी पोरं तोंडात घालतात.)

आणि सगळं येतंय पण एकत्र वाजवताना विस्कटतंय असं झालं तर बहुतेक वेग वाढलेला असतो, अशा वेळी उभं करून जागच्या जागी चालायला लावा, एका पावलाला एक ठोका.