कमी शुल्काची ऑनलाइन व्यवस्थापन पदवी: निवड कशी करावी आणि नोकरीत ती ग्राह्य धरली जाईल याची खात्री कशी करावी

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २०१६ साली कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षण मंचाच्या माध्यमातून संपूर्ण ऑनलाइन एमबीए अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा त्याचे एकूण शुल्क सुमारे २२ हजार डॉलर होते. २०१९ मध्ये याच विद्यापीठाने वर्गात बसून शिकायचा पूर्णवेळ एमबीए बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. २०२० मध्ये बॉस्टन विद्यापीठाने एडएक्स या तशाच मंचाच्या साहाय्याने २४ हजार डॉलरचा ऑनलाइन एमबीए आणला. शुल्क कमी म्हणजे पदवी हलकी, हा समज आता धरून ठेवण्यासारखा राहिलेला नाही. एकच व्याख्यान हजारो विद्यार्थ्यांना ऐकवता येते आणि वर्गखोल्यांचा भार नसतो, म्हणून शुल्क उतरते. मात्र स्वस्ताईची हीच भाषा बनावट संस्थाही वापरतात, त्यामुळे शुल्काचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वप्रथम ही पदवी नेमकी कोणापुढे ठेवायची आहे, हे ठरवावे. सध्याच्या कंपनीत बढती हवी असेल, तर प्रवेश घेण्यापूर्वीच मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे. विद्यापीठाचे व अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव देऊन, ‘ही पदवी ऑनलाइन पद्धतीने मिळवली तर बढतीसाठी आपल्याकडे पदव्युत्तर पदवी म्हणून धरली जाईल का, आणि शुल्काचा काही भाग कंपनी देते का,’ एवढे दोन प्रश्न पुरेसे आहेत. तोंडी मिळालेला होकार दोन वर्षांनी कोणाच्या लक्षात राहत नाही. ईमेल मात्र राहतो. सरकारी नोकरी, अध्यापन किंवा परदेशी विद्यापीठाची पदवी असा प्रश्न असेल, तर त्या देशाच्या नियमांनुसार समकक्षता मिळते का, हे संबंधित प्राधिकरणाकडूनच जाणून घ्यावे, कारण खासगी कंपनीला चालणारी पदवी तेथे अडू शकते.

त्यानंतर अधिस्वीकृती, म्हणजे शिक्षणाचा दर्जा तपासून दिलेली मान्यता (ॲक्रेडिटेशन), तपासावी. या टप्प्यावर घाई अजिबात करू नये. अधिस्वीकृती दोन पातळ्यांवर असते. पहिली संपूर्ण संस्थेची, म्हणजे पदवी देण्याचा अधिकार त्या संस्थेला आहे की नाही याची, आणि ती नसेल तर पुढचे काहीही पाहण्याची गरज नाही. दुसरी व्यवस्थापन शिक्षणापुरती. तिच्यात १९१६ साली स्थापन झालेली एएसीएसबी, युरोपातील ईएफएमडी या संस्थेची इक्विस आणि एमबीए अभ्यासक्रमांची तपासणी करणारी ब्रिटनमधील अँबा ही तीन नावे जगभर ओळखली जातात. दुसऱ्या पातळीची मान्यता नसली म्हणून पदवी खोटी ठरत नाही, पण अनोळखी विद्यापीठाचे नाव वाचणाऱ्या भरती अधिकाऱ्याला तिच्यामुळे निश्चित आधार मिळतो.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील अधिस्वीकृतीच्या बोधचिन्हावर विसंबू नये. अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थेचे संकेतस्थळ स्वतः उघडून, तेथील यादीत विद्यापीठाचे नाव अक्षरशः जुळवून पाहावे. नामांकित विद्यापीठाशी एका शब्दाने मिळतेजुळते नाव घेणाऱ्या संस्था येथेच उघड्या पडतात. मान्यता देणारी संस्था तरी खरी आहे का, हेही पाहावे लागते. अमेरिकी संस्थांच्या बाबतीत तेथील सरकारच्या शिक्षण विभागाच्या किंवा सीएचईए या उच्च शिक्षण अधिस्वीकृती परिषदेच्या यादीवरून ते कळते. २०१५ साली कराचीतील ॲक्झॅक्ट कंपनीचा बनावट पदव्यांचा धंदा उघडकीस आला, तेव्हा तिच्या जाळ्यात नुसती कागदी विद्यापीठेच नव्हती, तर त्यांना मान्यता देणाऱ्या कागदी संस्थाही होत्या. कामाच्या अनुभवावरच काही दिवसांत पदवी देऊ, किंवा आज पैसे भरल्यास निम्मे शुल्क, असे कोणी फोनवर सांगू लागले तर तो विषय तेथेच संपवावा.

आता हाती नेमके काय पडणार, ते वाचावे. प्रमाणपत्र, पदविका आणि पदव्युत्तर पदवी या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोठ्या विद्यापीठाच्या नावाखाली विकला जाणारा प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रम पदवीचा नसतो. पदवीपत्रावर ‘ऑनलाइन’ हा शब्द छापला जातो का, हेही विचारावे. इलिनॉय विद्यापीठाच्या एमबीएच्या पदवीपत्रावर तो येत नाही. विश्लेषणशास्त्राकडे (ॲनालिटिक्स) ओढा असेल, तर एमबीएचाच आग्रह धरण्याचे कारण नाही: जॉर्जिया टेकने २०१७ मध्ये त्या विषयाची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी १० हजार डॉलरपेक्षा कमी शुल्कात सुरू केली.

शुल्काचा हिशेब यानंतर करावा. दर क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याच्या एककाचा, दर दिला असेल तर एकूण क्रेडिटने गुणावे, त्यात अर्ज, परीक्षा, पुस्तके, सत्र शुल्क आणि चलनातील चढउतार धरावेत, आणि अभ्यास मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळते, ते लेखी घ्यावे.

अभ्यास सुरू झाल्यावर प्रकल्पाचे विषय शक्यतो स्वतःच्या कामातून निवडावेत. ‘एमबीए केले’ एवढ्यावर मुलाखत फार पुढे जात नाही, परंतु वित्त विषयाच्या प्रकल्पात आपल्याच विभागाच्या थकीत येण्यांचा अभ्यास केला असेल, तर मुलाखतीत सांगायला काहीतरी ठोस असते. मात्र कंपनीची आकडेवारी वापरण्यापूर्वी वरिष्ठांची परवानगी घ्यावी.

पदवी मिळाल्यावर बायोडेटात विद्यापीठाचे अधिकृत नाव, पदवी आणि वर्ष लिहावे. ऑनलाइन शिकल्याचे कोणी विचारले, तर सरळ सांगावे. रुजू होण्यापूर्वी अनेक कंपन्या शैक्षणिक पडताळणी करतात आणि ती थेट विद्यापीठाकडून होते, म्हणून विद्यार्थी क्रमांक, गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती आणि पडताळणी विभागाचा ईमेल पत्ता एकत्र जपून ठेवावा.