ॲट्रॉसिटीची तक्रार द्यायला निघण्याआधी

ॲट्रॉसिटी म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा कायदा. त्याखाली तक्रार द्यायला तालुक्याला जाणारी काळीपिवळी पकडण्याआधी अर्धा तास काढा आणि कागद-पेन घेऊन बसा. बाकी तयारी मागेपुढे झाली तरी चालेल, हा कागद मात्र आधी. समोरचा जे बोलला ते शब्द जसेच्या तसे लिहा. लिहिताना हात थांबतो, पोरांसमोर ते शब्द उच्चारवत नाहीत, तरी लिहा. आमच्या गावात एका बाईला हापशीवर गुंडात पाणी भरताना जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. ठाण्यात रिपोर्ट लिहिणाऱ्यानं लिहिलं, ‘जातीवाचक शिवीगाळ केली’. एवढंच. पुढं कोर्टात उलटतपासणीला वकिलानं विचारलं, शब्द कोणते? तिनं सगळे सांगितले. लगेच दुसरा प्रश्न आला, मग हे रिपोर्टात का नाही? ती पदराचं टोक मुठीत धरून माझ्याकडे पाहत राहिली. मी मागच्या बाकावर होतो. ठाण्यातही मीच सोबत होतो, आणि सही करण्याआधी तो रिपोर्ट मी वाचला नव्हता.

शब्दांखाली जागा लिहा. शिवीगाळीचं कलम लागायला ती लोकांच्या नजरेसमोर घडावी लागते. घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी नसताना घडलं तर हे कलम लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून हापशी, पानठेला, ग्रामपंचायतीचा ओटा, रस्त्यावरून दिसणारा वावराचा धुरा, जे असेल ते नेमकं लिहा. वेळ लिहा, कोण कुठं उभं होतं ते लिहा. साक्षीदारांत नात्याबाहेरचा एक तरी माणूस हवा. त्याला आधी भेटा, साक्ष देशील का म्हणून सरळ विचारा.

आरोपी तुम्हाला कधीपासून ओळखतो हेही त्याच कागदावर येऊ द्या. त्याच्याकडे सालदार होतात, दरवर्षी सोयाबीन सोंगायला जाता, पोरं एका शाळेत शिकली, काहीही. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार तो तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना ओळखत असेल, तर त्याला तुमची जात माहीत होती असं कोर्ट धरून चालतं. नव्हती हे त्यानं सिद्ध करायचं. ही ओळ मला फार मोलाची वाटते. भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत २००६ साली एका दलित घरातली चार माणसं मारली गेली, तेव्हा ही ओळ कायद्यात नव्हती. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं खुनाची शिक्षा दिली, पण खून जातीवरून झाले हे मानलं नाही, म्हणून ॲट्रॉसिटीचा कायदा त्या खटल्यात टिकला नाही.

कागदपत्रांत जातीचा दाखला आणि आधारची झेरॉक्स घ्या. शाळेच्या टीसीवर नुसतं ‘बौद्ध’ असेल तर घाबरू नका, अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० पासून केंद्राच्या यादीत स्थान आहे. दाखलाच काढलेला नसेल तर आजोबा-पणजोबांच्या कोतवाल बुकाची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची, नक्कल तहसीलमधून मागवायला लागा, पण तिच्यासाठी तक्रार थांबवू नका. दाखल्यावाचून तक्रार घेऊ नये असं कायद्यात कुठंही नाही. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या, फाटलेले कपडे धुऊ नका.

ठाण्यात बहुतेक वेळा म्हणतात, अर्ज ठेवून जा, आधी चौकशी करतो. तिथं शांतपणे सांगा की २०१८ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यात गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही. तोंडी सांगितलेलं लिहून घेणं, वाचून दाखवणं आणि एफआयआरची प्रत फुकट देणं हे त्यांचं कर्तव्य आहे. जाणूनबुजून टाळलं तर त्या अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. तरीही घेतलं नाही तर तोच मजकूर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. १४५६६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिथंही नोंद करा. तपास डीवायएसपी, म्हणजे पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, म्हणून नंतर जबाब कोण घेतोय हे विचारत जा.

गावात परतल्यावर खरी परीक्षा असते. किराणा उधार मिळत नाही, चक्कीवाला दळण घेत नाही, वेचणीला कोणी बोलवत नाही. असा बहिष्कार हा याच कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. एक वही करा. कोणत्या तारखेला, कोण, काय म्हणाला ते रोज लिहा. दोन महिन्यांचं धान्य आणि थोडी रक्कम आधीच बाजूला ठेवता आली तर ठेवा. उलट तक्रारही होते, म्हणून त्या दिवसांत एकट्यानं फिरू नका.

बँकेचं पासबुक चालू ठेवा. शिवीगाळीच्या गुन्ह्यात एक लाखाची मदत आहे, पाव भाग एफआयआरनंतर, अर्धी दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, उरलेली शिक्षा झाल्यावर; त्यासाठी समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे पाठपुरावा करा. पैशासाठी केस केली असं लोक बोलतील. ती मदत कायद्यानं तुमची आहे, घ्या.

आरोपीच्या जामिनाच्या अर्जाची खबर तुम्हाला मिळायला हवी आणि कोर्टानं तुमचं म्हणणं ऐकायला हवं, हा तुमचा हक्क आहे. म्हणून ठाण्यात दिलेला फोन नंबर बदलू नका, बदललाच तर लेखी कळवून पोच घ्या.