नेत्रिका आणि कॅमेरा फोकसरमध्ये पक्के कसे बसवावेत

भिंगाची दुर्बीण रोहिणीवर रोखली की गोव्यात तिची नळी जवळजवळ उभी होते. पणजीचे अक्षांश सुमारे १५.५ उत्तर, रोहिणीची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) सुमारे १६.५ उत्तर, म्हणजे हा तारा माथ्यापासून जेमतेम एका अंशावरून जातो. कृत्तिकाही फार लांब नसतात. अशा वेळी मागे लावलेला कॅमेरा सरळ खाली लोंबतो आणि त्याचे सगळे वजन फोकसरच्या, म्हणजे फोकस जुळवणाऱ्या सरकत्या तोंडाच्या, दोन-तीन छोट्या स्क्रूंवर येते. डीएसएलआरची नुसती बॉडीच साधारण ५०० ते ८०० ग्रॅमची असते. स्क्रू जोरात आवळून हे काम होत नाही. आधी जोड आपल्या कडेवर पूर्ण टेकायला हवा. त्याला तिथे धरून ठेवणे एवढेच स्क्रूचे काम.

पहिली जोडणी दिवसा, घरात, टेबलावर जाड टॉवेल पसरून करा. अंधारात हाताला सवय नसेल तर चुका हमखास होतात.

माप आणि बसवणी

नेत्रिकांची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांची, चालू मापे दोन: सव्वा इंची, म्हणजे ३१.७५ मिमी, आणि दोन इंची, म्हणजे ५०.८ मिमी. जुन्या छोट्या दुर्बिणींत २४.५ मिमीचे तिसरे माप आढळते. शंका असेल तर व्हर्नियर कॅलिपर लावून पाहा. सैल बसणाऱ्या नळीला टेप गुंडाळून भागवू नका. टेप दबतो, उन्हात त्याचा गोंद सुटतो आणि नेत्रिका तिरपी होते.

फोकसरचे स्क्रू इतके मागे घ्या की आत बोट फिरवले तर टोक लागता कामा नये. नेत्रिकेची नळी आणि फोकसरचे तोंड कोरड्या सुती कापडाने पुसा. नेत्रिका आत सरकवा, तिचा रुंद खांदा फोकसरच्या कडेला सगळीकडून भिडू द्या आणि एका हाताने तशीच दाबून धरा. दुसऱ्या हाताने प्रत्येक स्क्रू फक्त टेकेपर्यंत फिरवा. मग आळीपाळीने प्रत्येकाला पाव-पाव फेरा द्या. एकच स्क्रू शेवटपर्यंत आवळला की तो नळीला समोरच्या भिंतीवर ढकलतो, कारण तोंडाचा व्यास नळीपेक्षा किंचित मोठा ठेवावाच लागतो. आरशाच्या दुर्बिणीत लेझर लावून आरसे जुळवताना हीच तिरीप चुकीचे उत्तर देते आणि बरोबर असलेला आरसा माणूस बिघडवून बसतो.

जोर बोटांचाच. पक्कड लावली की ॲल्युमिनियमचे आटे जातात.

आता खांद्याखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. कुठूनही आत शिरली तर स्क्रू सोडून पुन्हा बसवा. हे वारंवार होत असेल तर नळीवरची खाच तपासा. नेत्रिका निसटून पडू नये म्हणून ही खाच ठेवलेली असते, पण स्क्रूचे टोक किंवा आतली पितळी कडी खाचेच्या वरच्या उतारावर आली तर आवळताना नेत्रिका बाहेर ढकलली जाते. पितळी कडीचा फोकसर नळीवर ओरखडे पाडत नाही, म्हणून तो नुसत्या स्क्रूपेक्षा बरा. मात्र खोल खाचेच्या नेत्रिका त्यात काढताना अडकतात. अशा वेळी ओढू नका. स्क्रू आणखी सैल करून नेत्रिका हलकेच फिरवत काढा.

डायगोनल (प्रकाश वळवणारा आरशाचा जोड) वापरत असाल तर आणखी एक खबरदारी. लांब नळीची बार्लो (मोठेपणा वाढवणारे भिंग), किंवा खाली फिल्टर लावलेली नेत्रिका आतल्या आरशाला टेकू शकते. खांदा भिडण्याआधी काही लागल्यासारखे वाटले तर तिथेच थांबा.

दोन इंचांतून सव्वा इंचात आणणारा ॲडॅप्टर असेल तर स्क्रूंचे दोन संच होतात, आणि रात्री हमखास चुकीचा स्क्रू सुटतो. मग ॲडॅप्टरसकट नेत्रिका हातात येते, नाहीतर जमिनीवर. फोकसरच्या स्क्रूंच्या डोक्यांवर नेलपॉलिशचा जाड ठिपका द्या; बोटाला फरक कळतो.

कॅमेरा

ग्रहांचे छोटे, हलके कॅमेरे सव्वा इंची नळीवर चालतात. डीएसएलआरला ती नळी नको: वजन पेलत नाही आणि एपीएस-सी सेन्सरचे कोपरे काळवंडतात. त्याला दोन इंची नळी घ्या, आणि फोकसरला आटे असतील तर सरळ आट्यांचा जोड करा. आट्यांना ना तिरपे होता येते, ना घसरता येते.

टी-रिंगचे, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्सच्या जागी बसणाऱ्या कडीचे, आटे एम४२ × ०.७५ (व्यास ४२ मिमी, आट्यांमधले अंतर ०.७५ मिमी). जुन्या पेंटॅक्स लेन्सचे आटे एम४२ × १. दिसायला दोन्ही सारखेच, पण एकात दुसरा फेरा-दीड फेरा जाऊन अडतो. तिथे जोर लावला तर दोन्ही आटे वाया जातात. सुरुवातीला जोड उलटा फिरवा, आटा टक्कन खाली बसल्याचे जाणवले की मगच सुलटा फिरवा. फील्ड फ्लॅटनर किंवा कोमा करेक्टर (फोटोच्या कडेचे तारे नीट यावेत म्हणून लावायची भिंगे) असेल तर त्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर बहुधा ५५ मिमी लागते. कॅननच्या ईएफ माउंटचे (लेन्सच्या तोंडापासून सेन्सरपर्यंत) ४४ मिमी आणि टी-रिंगचे ११, निकॉनच्या एफ माउंटचे ४६.५ आणि टी-रिंगचे ८.५, असा हिशेब जुळतो. मध्ये आणखी कडी घातली तर तो बिघडतो.

भिंगाच्या दुर्बिणीत फोकससाठी फोकसरची नळी पूर्ण बाहेर काढावी लागत असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब (लांबी वाढवणारी जोडनळी) लावा. शेवटपर्यंत आलेली नळी वजनाने झुकते.

क्रेफर्ड फोकसरला दात नसतात, नळी फक्त घर्षणावर धरलेली असते. त्याच्या खाली बहुतेक वेळा दोन स्क्रू सापडतात, एक ताणाचा आणि एक कुलपाचा. दुर्बीण सरळ वर रोखा, कुलूप उघडे ठेवा, कॅमेऱ्याखाली हात धरा आणि नळी स्वतःहून सरकते का पाहा. सरकली तर ताण पाव फेरा वाढवा. सरकणे थांबेपर्यंतच वाढवायचा, त्यापुढे नाही. जास्त ताणाने नळीवर चर पडते. फोकस लागला की कुलूप लावा आणि मग फोकस पुन्हा तपासा, कारण कुलूप लावताना तो थोडा हलतो.

कॅमेऱ्याचा पट्टा सैलसर ठेवून दुर्बिणीच्या कड्याला अडकवा आणि दुर्बिणीच्या माउंटचा (आधाराचा) तोल नव्याने साधा. पहिल्या फोटोत चारही कोपरे मोठे करून बघा. एकाच बाजूचे तारे लांबट दिसले तर जोड तिरपा असण्याची शक्यता मोठी. कॅमेरा नळीसकट अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. दोष फोटोतल्या त्याच बाजूला राहिला तर तो कॅमेऱ्याच्या बाजूच्या जोडात आहे. विरुद्ध बाजूला गेला तर फोकसरमध्ये किंवा दुर्बिणीत.

खारी हवा

मोरजी किंवा आगोंदच्या किनाऱ्यावरून परतल्यावर स्क्रू काढून पुसा. ॲल्युमिनियममधला पोलादी स्क्रू खाऱ्या दमटपणात जाम होतो. आट्यांवर काडीच्या टोकाएवढे ग्रीस पुरते. नळीला आणि पितळी कडीला ग्रीस अजिबात नको, तिथे पकडच हवी. जाम झालेली आट्यांची कडी चिमटीत दाबली तर लंबगोल होऊन आणखी अडकते; रबरी हातमोजे घालून सगळीकडून सारखी पकडा आणि फिरवा. पावसाळ्याआधी सगळे जोड सुटे करून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. नवा स्क्रू आणायला जाताना जुना सोबत न्या. सगळ्याच फोकसरांचे आटे मेट्रिक नसतात.